वाळूखालची अमानत



कोथरूडमधील एका कुटुंबाने काही दिवसांपूर्वी एक प्रश्न विचारला. घरातील थोरल्या मुलाने शिष्यवृत्तीच्या पैशांतून मेटल डिटेक्टर, म्हणजे धातू शोधणारे यंत्र, मागविले होते. शाबान महिन्यातील एका शनिवारी हे कुटुंब चांदणी चौक ओलांडून, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट आणि माणगाव या नेहमीच्या वाटेने श्रीवर्धन तालुक्यातील एका किनाऱ्यावर गेले. रविवारी फजरची नमाज होताच मुलगा आणि त्याची धाकटी बहीण यंत्र घेऊन वाळूवर उतरली. दोन तासांत बाटल्यांची बिल्ले, गंजलेले खिळे, मासे पकडायचा एक गळ, दोन रुपयांचे नाणे आणि शेवटी सोन्याची एक अंगठी सापडली. वडिलांचा प्रश्न असा, की ही अंगठी आम्हाला हलाल आहे काय?

प्रश्न विचारून झाल्यावर मुलांची आई सहज म्हणाली, की तेथे जाळीचे कुंपण घातलेली एक जागा होती, तिची राखण करणारा माणूस मुलांवर फार रागावला. कुंपणाबाहेरही कासवांची घरटी असू शकतात, तुम्ही हे खड्डे का खणलेत, असे म्हणाला. ‘‘वाळूतच तर खणत होती पोरं,’’ त्या म्हणाल्या.

वडिलांना अंगठीची काळजी होती, आणि ती असायलाच हवी. पण अंगठीबद्दल ज्या कुटुंबाच्या मनात एवढी ईशभीती आहे, त्याच कुटुंबाला खड्ड्यांबद्दल काहीच वाटले नाही, याचा विचार मी पुष्कळ केला. या दोन्ही गोष्टी शरीअतच्या दृष्टीने एकाच दारातून आत येतात. वाळूखाली जे आहे ते कोणाचे, हा तो प्रश्न. आधी अंगठीचे पाहू.

हरवलेल्या आणि दुसऱ्याच्या हाती लागलेल्या वस्तूला फिकहच्या ग्रंथांत ‘लुक्ता’ म्हणतात. माननीय जैद बिन खालिद (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस या बाबतीत मूलाधार मानली जाते. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना सापडलेल्या वस्तूविषयी विचारले. आपण (स.) फर्माविले, की ती ज्या पिशवीत आहे ती पिशवी आणि तिचे तोंड बांधलेली दोरी नीट ओळखून ठेव, मग वर्षभर तिचा पुकारा कर, धनी आला तर त्याची त्याला दे. मग त्याने चुकलेल्या बकरीविषयी विचारले. ती तुझी, नाही तर तुझ्या भावाची, नाही तर लांडग्याची, असे उत्तर मिळाले. म्हणजे तिला सांभाळायला घेण्यास हरकत नाही. मग त्याने चुकलेल्या उंटाविषयी विचारले, तेव्हा प्रेषितांचा (स.) चेहरा रागाने लाल झाला. उंटाशी तुझा संबंध काय? त्याचे पाय त्याच्याजवळ आहेत, त्याचे पाणी त्याच्या पोटात आहे, तो पाण्यावर जाईल, झाडपाला खाईल आणि त्याचा धनी त्याला गाठेल.

वाचकहो, या हदीसमधील तिसरा भाग आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो. सापडले म्हणजे हात लावलाच पाहिजे असे नाही, हे तो भाग शिकवितो. जी वस्तू तिच्या जागी सुरक्षित आहे, जिची व्यवस्था अल्लाहने तिच्याबरोबरच करून ठेवली आहे, तिला ‘सापडली’ म्हणणेच चुकीचे आहे. हे ध्यानात असू द्यावे; कासवांकडे आलो की त्याची गरज लागेल.

अंगठीचा हुकूम स्पष्ट आहे. ती उचलली, तेव्हा ती मुलाच्या हातात अमानत झाली. वर्षभर, चांद्रवर्ष धरून, तिचा पुकारा करावा लागेल. जुन्या काळी बाजारात आणि मशिदीच्या दाराबाहेर पुकारा होई, मशिदीच्या आत हरवलेल्या वस्तूंचा पुकारा करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. आज पुकारा म्हणजे त्या गावच्या ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात कळविणे, ज्या घरी मुक्काम केला त्यांना आणि किनाऱ्यावरील टपरीवाल्यांना सांगून ठेवणे. वस्तू सापडली एवढे सांगावे, खुणा सांगू नयेत. पिशवी आणि दोरी ओळखून ठेवण्यामागील हिकमत हीच, की खरा धनी खूण स्वतः सांगेल. अंगठीचा फोटो मोबाईलवर सर्वत्र पाठविणारे लोक पुकारा करीत नाहीत. ते दहा खोट्या धन्यांना आमंत्रण देतात.

वर्ष सरूनही धनी आला नाही तर? येथे आपल्या दोन मस्लकांत फरक आहे, आणि पुण्यातील अनेक घरांत सासर हनफी व माहेर कोकणातील शाफई असे असते म्हणून तो सांगतो. हनफी मतानुसार ज्याला वस्तू सापडली तो सुखवस्तू असेल, तर त्याने ती धन्याच्या वतीने गरिबाला सदका करावी. तो स्वतः गरजू असेल तर वापरू शकतो. पुढे धनी आला, तर त्याने सदका मान्य करून सवाब घ्यावा, अथवा भरपाई मागावी, हा त्याचा अधिकार. शाफई मतानुसार वर्षानंतर सापडणारा ती स्वतःच्या मालकीत घेऊ शकतो. मात्र धनी आला तर वस्तू किंवा किंमत परत करण्याची जबाबदारी राहते. दोन्ही मतांत वर्षाच्या आत ती बोटात घालून मिरविण्यास जागा नाही.

मुलाने मला विचारले, की अंगठी नको, पण जुना खजिना मिळाला तर? त्याचे डोळे चमकत होते आणि मला हसू आले. या यंत्रामागे खरी भूल हीच असते. कोकणचा किनारा जुन्या बंदरांचा आहे. दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातील मोठे बंदर. हजला जाणारी आणि अरबस्तान-इराणशी व्यापार करणारी जहाजे तेथून सुटत. चांदीची तार दुमडून, तिच्यावर अरबी अक्षरांचा ठसा उमटवून केलेली ‘लारी’ हे नाणे या किनाऱ्यावर चाले. विजापूरच्या आदिलशाहांनीही ती पाडली. तेव्हा वाळूत काही सापडणारच नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

पुरलेल्या प्राचीन धनाला ‘रिकाज’ म्हणतात आणि त्यात पाचवा हिस्सा द्यावा लागतो, हे हदीसने सिद्ध आहे. तेवढे ऐकून लोक चार हिस्से आपले समजतात. पण फकीहांनी येथे एक बारीक भेद केला आहे. रिकाज म्हणजे इस्लामपूर्व काळातील लोकांचे धन. ज्या नाण्यावर कलमा आहे, मुस्लिम सुलतानाचे नाव आहे, ते लुक्ता समजावे, कारण ते कोणा मुसलमानाचे होते आणि त्याचे वारस जगात कोठे तरी असू शकतात. म्हणजे दाभोळच्या वाळूत लारी सापडली, तर ती पाच हिश्शांत वाटण्याचा प्रश्नच येत नाही. पुकारा होईल आणि धनी मिळण्याची आशा उरली नाही की ती गरिबांच्या हक्काकडे जाईल. शिवाय आपल्या देशाचा कायदा आहे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास ते कलेक्टरला कळविणे बंधनकारक आहे आणि न कळविणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. संरक्षित किल्ल्यांच्या परिसरात तर खणण्यालाच मनाई आहे. ज्या देशात आपण राहतो, त्याच्या कायद्याशी केलेला करार पाळणे हाही वचनपालनाचाच भाग आहे.

बुखारी आणि मुस्लिममध्ये एक हदीस आहे, जी मी त्या मुलाला ऐकविली. पूर्वीच्या एका माणसाने जमीन विकत घेतली आणि त्यात त्याला सोन्याने भरलेला घडा मिळाला. तो विकणाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, हे तुझे सोने घे, मी जमीन घेतली होती, सोने नव्हे. विकणारा म्हणाला, मी जमीन तिच्यातील सर्व वस्तूंसह विकली आहे. घडा घ्यायला दोघेही तयार नाहीत! भांडण घेऊन ते एका तिसऱ्याकडे गेले. त्याने विचारले, तुम्हाला मुले आहेत काय? एकाला मुलगा होता, दुसऱ्याला मुलगी. त्याने निवाडा केला, की दोघांचा निकाह लावा, या सोन्यातून त्यांच्यावर खर्च करा आणि सदकाही द्या. आपल्याकडे बांधाच्या हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात उभे राहतात. येथे मात्र दोन माणसे ‘हे माझे नव्हे’ म्हणून भांडत होती.

आता खड्ड्यांकडे वळू.

आपल्या कोकण किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालतात. मादी रात्री समुद्रातून येते, भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, शरीराने ती थापटून सपाट करते आणि समुद्रात परत जाते. ती पुन्हा येत नाही. सुमारे पन्नास दिवस तिची संतती त्या वाळूच्या आणि त्या वाळूच्या निर्मात्याच्या हवाली असते. पिल्लू नर होईल की मादी, हेही त्या वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक उबदार असली तर माद्या, थोडी थंड असली तर नर. सूरह अनआममध्ये अल्लाहने फर्माविले आहे, की भूमीच्या अंधारात असा एक दाणाही नाही, जो त्याच्या ज्ञानात नाही. त्या अंधारातील शंभर अंड्यांविषयी हे वचन वाचून पाहा.

एकेकाळी ही अंडी खणून नेऊन खाल्ली आणि विकली जात. ती खाणे आपल्याला कधीच योग्य नव्हते. हनफी मतानुसार समुद्रातील जीवांपैकी केवळ मासा हलाल आहे आणि इमाम नववी यांनी शाफई मस्लकातही कासव निषिद्ध असल्याचे मत बरोबर ठरविले आहे. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे लोक मंडणगड तालुक्यातील वेळास गावी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी गेले असता त्यांना वाळूत कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथून कामाला हात घातला. गावातील माणसेच पहाटे किनारा फिरून घरटी शोधू लागली, अंडी कुंपणातील सुरक्षित वाळूत हलवू लागली, पिल्ले बाहेर आली की समुद्राकडे सोडू लागली. आज रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या अनेक किनाऱ्यांवर वनखाते आणि गावकरी मिळून हे काम करतात. वेळासच्या शेजारी आपले बाणकोट आहे. पलीकडे हर्णै, दाभोळ. आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ या गावांत आहे आणि तेथील आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढ्या याच समुद्रावर पोट भरीत आल्या. तेव्हा ही कोणा परक्याची गोष्ट आहे असे समजू नये.

तो राखणदार मुलांवर का रागावला, ते आता सांगतो. हौशी माणूस यंत्र कोठे फिरवितो? जेथे पर्यटक बसतात, कपडे बदलतात, खिशातून वस्तू पडतात तेथे, म्हणजे भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत. कासव अंडी कोठे घालते? त्याच वाळूत. लाट येईल आणि खड्डा बुजवील, असे मुलगा म्हणाला. पण लाट तेथवर येत नाही, म्हणूनच तर कासवाने ती जागा निवडली! गस्त घालणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली घरटी कुंपणाबाहेर, कोणत्याही खुणेशिवाय तशीच असतात. तेथे फावडे बसले तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. आणि अंडी फुटली नाहीत, फक्त हलली, तरी संकट टळत नाही. अंडे घातल्यावर काही तासांतच आतील जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर ते अंडे उलटे-सुलटे झाले, तर तो जीव मरू शकतो. सहृदय माणूस अंडी हातात घेऊन, पुसून, परत ठेवतो आणि समजतो की मी वाचविली.

उघडा राहिलेला खड्डाही निरुपद्रवी नसतो. पिल्ले बाहेर येतात तेव्हा आपल्या तळहाताच्या निम्मीही नसतात. ती बहुधा रात्री किंवा पहाटे निघतात आणि जेथे क्षितिज उजळ तेथे चालू लागतात. वाटेत वीतभर खोलीचा खड्डा आला तर त्यातून वर चढणे त्यांना जमत नाही. मग सकाळी कावळे आणि कुत्री येतात. कपाळाला लावलेल्या विजेरीचा प्रकाशही त्यांना समुद्राऐवजी माणसाकडे खेचतो.

माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) सांगतात, की आम्ही एका प्रवासात प्रेषितांसोबत (स.) होतो. आपण (स.) काही कामासाठी दूर गेले असता आम्हाला दोन पिल्ले असलेला एक लहान पक्षी दिसला. आम्ही पिल्ले उचलली. मादी आली आणि पंख पसरून फडफडू लागली. प्रेषित (स.) परतले तेव्हा त्यांनी विचारले, की हिच्या पिल्लांमुळे हिला कोणी दुःख दिले? हिची पिल्ले हिला परत द्या. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. त्याच ग्रंथात दुसऱ्या एका सहाबींचा प्रसंग आहे, ज्यांनी झाडीतून पिल्ले उचलून चादरीत गुंडाळून आणली होती. त्यांना हुकूम झाला, की जेथून आणलीस तेथेच, त्यांच्या आईसह, परत ठेवून ये.

कोथरूडच्या म्हातोबा टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी टिटवी पाहिली असेल. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये ती अंडी घालते. अंड्यांचा रंग खड्यांसारखाच. आपण नकळत जवळ गेलो की ती डोक्यावर घिरट्या घालून असा आक्रोश करते, की पाय आपोआप थांबतो. हदीसमधील त्या पक्ष्याप्रमाणे तीही आपली फिर्याद मांडू शकते. कासवाची मादी मात्र तोवर शेकडो मैल दूर असते. 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. एवढ्या दूरवर फिरणाऱ्या जीवाला आपल्या मुलांच्या दादफिर्यादीसाठी उभे राहता येत नाही. पंख फडफडविणारी आई तेथे नाही, म्हणून तेथे विचारणाराही कोणी नाही, असे मात्र समजू नये.

सूरह माइदामध्ये इहरामच्या अवस्थेतील लोकांना सांगितले आहे, की तुमच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीने अल्लाह तुमची परीक्षा घेईल, जेणेकरून न पाहता त्याला कोण भितो हे स्पष्ट व्हावे. काही भाष्यकारांनी हातांच्या टप्प्यातील शिकार म्हणजे पिल्ले आणि अंडी, असा अर्थ घेतला आहे. तो हुकूम इहरामचा आहे, किनाऱ्यावरील सहलीचा नव्हे, हे मी जाणतो. पण परीक्षेची रीत पाहा. पहाटेची वेळ, ओसाड वाळू, कोणी पाहत नाही, वस्तू हाताशी आहे.

सूरह कहफ आपण दर शुक्रवारी वाचतो. माननीय मूसा (अलै.) आणि त्यांचे सहप्रवासी ज्या वस्तीत पोहोचले, तेथील लोकांनी त्यांना घासभर अन्नही दिले नाही. तरीही त्या सहप्रवाशाने तेथील कोसळू पाहणारी भिंत काही मजुरी न घेता सरळ केली. पुढे कळले, की त्या भिंतीखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता आणि ती मोठी होऊन तो काढून घेईपर्यंत तो झाकलेला राहावा, अशी त्यांच्या पालनकर्त्याची इच्छा होती. कुरआनातील या प्रसंगात पुरलेल्या ठेव्याचा पत्ता ज्याला ठाऊक होता, त्याने फावडे हाती घेतले नाही. त्याने भिंत बांधली. वेळासच्या किनाऱ्यावर जाळी लावणारे हात मला याच कामाला लागलेले दिसतात, मग ते हात कोणत्याही धर्माच्या माणसाचे असोत.

तर मग यंत्र विकून टाकावे काय, असे वडिलांनी विचारले. मी नको म्हटले. शोधण्याची हौस मुळात मुबाह आहे. वाटेतून त्रासदायक वस्तू दूर करणे हा सदका आहे, आणि त्या मुलाने दोन तासांत जे गंजके खिळे आणि जो गळ काढला तो कोणाच्या तरी अनवाणी पायात जाणार होता. अंगठीपेक्षा मला तो गळ मोलाचा वाटला. मात्र कासवांच्या हंगामात कोरड्या वाळूत यंत्र नेऊ नये. भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या पट्ट्यातच, दिवसाउजेडी, गावातील कासवमित्राला विचारून फिरावे, आणि काढलेला प्रत्येक खड्डा त्याच क्षणी बुजवावा. चुकून अंडी दिसलीच तर एकही न हलविता, हलक्या हाताने वाळू लोटून थांबावे आणि कासवमित्राला किंवा वनखात्याला बोलवावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना पहिल्या अनुसूचीतील संरक्षण दिले आहे. तेव्हा ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर येथेही चालत नाही.

मुलगा पुन्हा एकदा त्या किनाऱ्यावर जाऊन आला. राखणदाराला सलाम करून त्याने माफी मागितली. अंगठी त्यांच्या कपाटात आहे आणि तिचा पुकारा पुढच्या शाबानपर्यंत चालू राहील. किनाऱ्याचे नाव मी वर मुद्दाम लिहिलेले नाही; अंगठीच्या आतील बाजूस काही अक्षरे कोरलेली आहेत, तीही लिहिलेली नाहीत. वाचकांपैकी कोणाची, किंवा कोणाच्या ओळखीतील माणसाची, श्रीवर्धन तालुक्यात अंगठी हरवली असेल, तर किनारा आणि ती अक्षरे सांगून या मासिकाच्या कार्यालयात कळवावे.